लहान घरचे दुभते

या महोत्सवी अंकात देवळाच्या पायाभरणीचा, शाळेच्या इमारतीचा आणि आमच्या आधी येथे राबून गेलेल्या फादरांचा वृत्तांत इतर लेखकांनी विस्ताराने दिला आहे, व तो उचितच आहे. परंतु ज्या घरांच्या पै-पैच्या वर्गणीने त्या भिंती उभ्या राहिल्या, त्या घरांच्या मागल्या अंगणात एक दावण असे. तिचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. अर्ध्या-पाऊण एकराच्या, क्वचित नुसत्या घरवाड्याच्या धन्याने दुधासाठी कोणते जनावर बांधावे, शेळी, गाय की म्हैस, हा प्रश्न प्रवरा-गोदावरीच्या या टापूत गेली शंभर-सव्वाशे वर्षे निरनिराळ्या रूपांनी पुढे आलेला आहे. दुधाच्या चरवीकडे पाहून त्याचे उत्तर देणारे बहुधा फसले. वैशाखातल्या वैरणीकडे व दूध घेणाऱ्याच्या दाराकडे पाहून ज्यांनी ते दिले, ते तरले. हे कसे, ते सोदाहरण मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम भूमीचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. अहमदनगर जिल्हा, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडतो. अकोल्याच्या डोंगरात पावसाला तोटा नाही. पण तेथून पूर्वेस उतरत आले की वर्षाकाठी वीस-बावीस इंच पाऊस, आणि तोही लहरी. अशा मुलखात हिरवे कुरण म्हणजे आषाढापासून कार्तिकापर्यंतची गोष्ट. पुढचे सात महिने कडब्यावर काढावयाचे. ज्याच्या शेतात ज्वारी नाही त्याला कडबा विकत घ्यावा लागतो, आणि ज्याला कडबा विकत, त्याला घरचे दूधही विकतच पडते. हा हिशेब आमच्या वाडवडिलांना कोणी शिकविला नव्हता. तो त्यांना पोटानेच शिकविला होता.

जुना कुणबी गाय ठेवीत असे ती मुख्यतः खोंडासाठी. खिलार गाय पाहा: अंगाने पांढरी, शिंगे लांब व मागे वळलेली, चालीला वाऱ्यासारखी, पण तिच्या वासराचे पोट भरून घरात जेमतेम पेलाभर येईल. तरीही तिला मान, कारण तिच्या पोटी बैल जन्मतो. घाटमाथ्याच्या बाजूस डांगी. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ही जात. हिच्या कातडीतून एक तेलकट अंश पाझरतो, त्यामुळे मुसळधार पावसात भातखाचरातून राबण्यास हिच्यासारखे जनावर नाही. अकोले, इगतपुरी, त्र्यंबक या भागांतील महादेव कोळी, ठाकर व कानडी या लोकांनी ती जोपासली आणि घोटीच्या बाजारात तिची खरेदी-विक्री चालत आली. तिकडे मराठवाड्यात देवणी व लाल कंधारी. या साऱ्या गाई आपापल्या मातीच्या लेकी आहेत. मात्र दुधाच्या नावाने त्यांच्याकडे दोन-तीन लिटरांहून अधिक मागू नये. देवणीकडे थोडे अधिक मागता येते, एवढेच.

सन १९२८ साली लॉर्ड लिन्लिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेतकी कमिशनने आपला अहवाल दिला. त्यात गुरांसंबंधी एक दुष्टचक्र वर्णिले आहे. बैल खुरटे, म्हणून शेतकरी अधिक गाई ठेवितो. गाई अधिक, म्हणून चारा कमी पडतो. चारा कमी, म्हणून पुढची पैदास आणखी खुरटी. यांत गाईच्या दुधाचा विचार कोठेच नाही, हे वाचकांच्या लक्षात येईल. त्याच सुमारास जमिनीचेही तुकडे होत चालले होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची तपासणी करून १९१७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ साली तेथे सरासरी खाते सुमारे चाळीस एकरांचे होते. १९१५ च्या सुमारास ते सात एकरांवर आले होते. सात एकरांत बैलजोडी सांभाळणे कठीण, मग जोडी देणारी गाय वेगळी कोठून सांभाळावी?

म्हैस ही तुपाची. रेल्वे येण्यापूर्वी, आणि बर्फाची सोय होण्यापूर्वी, दूध गावाच्या वेशीबाहेर जाऊच शकत नसे. जाई ते तूप. म्हशीच्या दुधात साडेसहा-सात टक्के स्निग्धांश असतो, देशी गाईच्या दुधात चार-साडेचार. एक किलो तुपास म्हशीचे पंधरा-सोळा लिटर दूध पुरते, तेथे गाईचे पंचवीसाच्या आसपास लागते. म्हणून ज्यास पैसा करावयाचा तो म्हैस बांधी. पंढरपुरी जात या बाबतीत फार गुणाची. तलवारीसारखी खांद्यामागे गेलेली लांबच लांब शिंगे, अंग आटोपशीर, कोरड्या व तापट हवेत तग धरणारी, आणि वेत फारसे न चुकविणारी. कोल्हापुरात ही म्हैस चौकात अथवा गिऱ्हाइकाच्या दारी नेऊन समोर धार काढून देण्याची रीत आहे. पाणी घातले की काय, हा संशयच नको! परंतु म्हशीला सावली व पाणी लागते, उन्हाळ्यात ती सहसा माजावर येत नाही, दहा महिने दहा दिवस गाभण राहते, आणि तिच्या रेड्याचे या पठारावर काही काम नाही. कोकणात तो भाताच्या चिखलात तरी चालतो. येथे त्याच्या वाट्याचे दूध चरवीत जाते व तो महिन्या-दोन महिन्यांत मरतो. हे कटू आहे, पण खरे आहे, आणि अनेक घरांतून आजही घडते.

आता आमच्या विषयाच्या गाभ्याकडे वळू. आमच्या धर्मग्रामातील बहुसंख्य घराणी ही गावकुसाबाहेरची. गावगाड्यात त्यांच्या पूर्वजांना मेल्या ढोराचा हक्क होता, जित्या ढोराचा नव्हता. कोणाची गाय मेली म्हणजे ती ओढून नेणे हे त्यांचे काम, आणि तिचे मांस हा त्यांच्या बलुत्याचा भाग समजला जाई. १९२७ च्या मार्चात महाड येथील परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचा उपदेश केला, आणि पुढे गावोगाव लोकांनी तो हक्क टाकून दिला. त्यापायी कित्येकांनी गावकीचा रोष सोसला. हे सांगण्याचे कारण असे, की ज्या घराला दुभती गाय बांधण्याची ऐपत दैवयोगाने आलीच, त्या घरापुढे दुसरी भिंत उभी होती. त्या हातचे दूध गावात घेणार कोण? हॉटेलवाला घेत नसे, वाण्याच्या घरी चालत नसे, तुपाचीही तीच गत. मग आठ लिटरांची म्हैस बांधून करावयाचे काय? उरलेले दूध पोरांना पाजावे हे बोलावयास सोपे. पण पेंड उधारीवर आणलेली असते, आणि पेंडीचा दुकानदार दूध घेत नसला तरी पैसे मागतोच.

म्हणून त्या घरांनी शेळी निवडली. अडाणीपणाने अथवा आळसाने निवडली असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आमचे मत निराळे आहे. शेळी बांधाच्या कडेवर, बाभळीच्या शेंगांवर व बोरी-हिवराच्या पाल्यावर जगते. तिला विकतचा कडबा लागत नाही. एका गाईच्या वैरणीत पाच-सहा शेळ्या निभावतात. ती पाच महिन्यांत विते, आणि पुष्कळदा जुळी देते. दूध अर्धा-पाऊण लिटर, पण ते घरातच खपते, त्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. आणि जे विकावयाचे, म्हणजे बोकड, ते घेताना कसाई जात विचारीत नसे. या शेवटल्या वाक्यात त्या काळच्या लहान घराचे सारे अर्थशास्त्र आले. आमच्या भागात संगमनेरी शेळी प्रसिद्ध आहे, बहुधा पांढरी किंवा पांढऱ्यावर तांबूस; मराठवाड्याच्या बाजूस उस्मानाबादी, काळीभोर, जुळ्यांना अधिक चांगली. दूध पाहिजे असेल तर संगमनेरी, करडे पाहिजेत तर उस्मानाबादी, असा ढोबळ नियम जुने लोक सांगतात, आणि तो बराचसा बरोबर आहे.

शेळीला विसरून जाण्याची आपल्या शिकलेल्या लोकांना फार जुनी खोड आहे. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे मोठ्या दुखण्यातून उठल्यावर, १९१९ च्या आरंभी मुंबईस डॉक्टर दलाल यांनी शस्त्रक्रिया केली व दुधाशिवाय शरीर भरणार नाही असे बजाविले, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट दाखविली. व्रत घेताना त्यांच्या मनात गाय-म्हैसच होती. शेळी आठवलीच नव्हती. हे त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहून ठेविले आहे, आणि शब्द पाळून अर्थ मोडल्याची खंतही व्यक्त केली आहे. खंतीचा विचार बाजूस ठेवू. पण आठवली नाही ही गोष्ट आम्हास बोलकी वाटते.

गाय पाळण्याची दुसरी एक वाट होती, ती अर्धलीची. सधन शेतकरी आपली कालवड गरिबाकडे वाढविण्यास देई. गरीब तीन-चार वर्षे तिला चारून-पाजून वाढवी. ती व्याली म्हणजे किंमत करून निम्मी-निम्मी, किंवा एकाने दुसऱ्याचा हिस्सा देऊन गाय ठेवून घ्यावयाची. बहुधा ठेवून घेणारा तो सधनच असे, कारण रोख रक्कम त्याच्यापाशी. शेळ्यांच्या अर्धलीत मात्र गरिबाचा निभाव लागे: करडे दोन असली की एक याचे, एक त्याचे, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याची स्वतःची दावण होई. आमच्या परिसरातील पुष्कळ घरांची पहिली मालकीची जनावरे अशीच आलेली आहेत.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. इंग्लंडात १८२० नंतर विल्यम कॉबेट याने झोपडीवाल्यांसाठी गृहव्यवस्थेचे एक पुस्तक लिहिले आणि त्यात चाळीस रॉड, म्हणजे पाव एकर जमिनीवर एक गाय पोसता येईल असे गणित मांडले. पुढे १८८५ च्या निवडणुकीत जेसी कॉलिंग्ज व त्याच्या पक्षाने ‘तीन एकर आणि एक गाय’ ही घोषणा गाजविली. सामाईक कुरणे कुंपणात गेल्यामुळे तिकडच्या मजुराची गाय गेली होती. ती परत देण्याचा हा विचार होता, आणि त्यातील न्यायबुद्धी आम्हास मान्य आहे. पण तो पाव एकर ओलसर इंग्लंडातला, कोबी व सलगम बारमाही देणारा. त्याच तोऱ्यात आपल्याकडील काही सुधारक ‘प्रत्येक घरी एक गाय’ असे म्हणू लागले, तेव्हा त्यांनी येथला वैशाख पाहिलेला नव्हता असेच म्हणावे लागते.

वैशाखाची खरी परीक्षा दुष्काळात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनची गुरे खलास केली. १८९६ व १८९९ चे दुष्काळ लागोपाठ आले. १९७२ चा दुष्काळ आमच्या वृद्धांच्या आठवणीत आहे. माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली म्हणून जगली. गुरे मात्र मिळेल त्या किमतीस निघाली. अशा वेळी गाय बाजारात नेली तर शंभर गाई आधीच उभ्या असतात, आणि तिचा एक पाय किंवा निम्मी पाठ विकता येत नाही. शेळ्यांतून दोन विकून चार राखता येतात. पाऊस आल्यावर त्या चारांच्या वर्षभरात पुन्हा आठ होतात; गाय गेलेल्या घराला पुन्हा गाय बांधण्यास पाच-सात वर्षे लागतात. २०१२-१३ व २०१९ साली सरकारने चारा छावण्या उघडल्या, तेथे मोठी जनावरे दावणीला बांधून माणसे महिनोन् महिने तेथेच राहिली. त्यामुळे पुष्कळ गाई वाचल्या. लहान घरास मात्र एक माणूस छावणीत अडकला म्हणजे एक मजुरी बुडाली.

असो. चित्र पालटले ते पाण्याने आणि रस्त्याने. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला. १९५० च्या अखेरीस लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना सुरू झाला. उसाबरोबर वाढे आले. तोडणीच्या हंगामात मजूर बाई डोक्यावर वाढ्याचा भारा घेऊन घरी येऊ लागली, आणि ज्याच्यापाशी गुंठाभर जमीन नाही त्याच्याही गव्हाणीत हिरवे पडू लागले. वाढे हे पौष्टिक खाद्य नव्हे, त्याने पोट भरते, दूध फारसे वाढत नाही; तरी पौष ते चैत्राची चिंता हलकी झाली. कालव्याच्या पाण्यावर लसूणघास व मका करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, ती लहान घरे नव्हत.

दुसरा पालट कृत्रिम रेतनाचा. हिंदुस्थानात त्याचा पहिला प्रयोग १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या गोशाळेत डॉ. संपत कुमारन यांनी केला. आमच्या प्रांतात ही विद्या गोठ्यापर्यंत नेली ती मणिभाई देसाई यांनी. गांधीजींनी १९४६ साली उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आश्रम काढला व मणिभाईंना तेथे ठेविले. त्यांनी प्रथम गीर गाईंचा कळप उत्तम रीतीने जोपासला. गीर ही काठेवाडची, कपाळ फुगीर, कान लांब वळलेले, देशी जातींत दुधाला श्रेष्ठ. ब्राझील देशाने तिच्यावर आपला दुग्धव्यवसाय उभारला आहे. पुढे १९६७ साली त्यांनी भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन स्थापिले, आणि जर्सी व होल्स्टीन फ्रीझियन वळूंचे गोठविलेले वीर्य गावठी गाईंसाठी शेतकऱ्याच्या दारी पोचविले. दोन लिटरांच्या गाईची लेक आठ-दहा लिटर देऊ लागली, आणि चौथ्या-पाचव्या वर्षाऐवजी अडीच-तीन वर्षांत विऊ लागली. मणिभाई १९९३ साली निवर्तले. गोसेवेचे व्रत घेतलेल्या माणसाने विलायती रक्त गोठ्यात आणावे याचा काहींना राग होता. आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. भाकड गाईची पूजा करून तिच्या धन्याचे पोर उपाशी ठेवण्यात गोसेवा कोणती?

परंतु आमच्या घरांच्या दृष्टीने वळूपेक्षाही मोठे काम केले ते दूध संकलन केंद्राने. गुजरातेत खेडा जिल्ह्याचा सहकारी संघ १९४६ च्या डिसेंबरात नोंदला गेला. १९५५ साली आणंद येथे म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचा कारखाना निघाला. आणि १९७० पासून १९९६ पर्यंत दूधमहापूर योजना देशभर चालली. तिचे पाणी झिरपत आमच्या खेड्यांतही आले. केंद्रावर एक मोठा कॅन असतो. त्यात पाटलाचे दूध पडते, त्यावरच वाडीतल्या बाईचे पडते. मापाडी फॅट पाहतो, डिग्री पाहतो, आणि वहीत आकडा मांडतो. हात पाहत नाही. पहिल्या-पहिल्याने काही गावांत कुरकूर झाली, वेगळा कॅन ठेवा असेही म्हटले गेले. पण टँकर एकच होता. जे काम कित्येक व्याख्यानांनी झाले नाही ते त्या कॅनने मुकाट्याने केले. तेव्हापासून लहान घरापुढे प्रथमच खरी निवड उभी राहिली: शेळी ठेवावी, की संकरित गाय बांधावी?

पुष्कळांनी गाय बांधली, आणि ज्यांच्या घरी विहीर किंवा नळाचे पाणी होते त्यांचे बरे झाले. पोरे शिकली, पत्र्याचे घर विटांचे झाले. तथापि ही गाय मागते किती, हे आधी मोजले पाहिजे. दहा-बारा लिटरांच्या गाईस दिवसास पंधरा-वीस किलो हिरवे, पाच-सहा किलो सुके, आणि अंगास दीड किलो अधिक दर अडीच लिटर दुधामागे एक किलो पेंड लागते. पाणी उन्हाळ्यात ऐंशी लिटरांच्या पुढे जाते. जिथे हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहावयाची तेथे ही गाय म्हणजे घरात आणखी पाच माणसे. होल्स्टीनचे रक्त निम्म्याच्या फार पुढे गेले की ऊन सोसत नाही, गोचीड-ताप व दगडी यांना ती लवकर बळी पडते. आणि दुधाचा भाव धन्याच्या हाती नाही. १ जून २०१७ रोजी पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा रस्त्यावर ओतलेले दूध सर्वांनी पाहिले. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले व मिठाईची दुकाने बंद पडली आणि गाईच्या दुधाचा दर कोसळला. २०२४ च्या आरंभी सरकारने लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर केले, ते या कारणाने. मोठा गोठेवाला असा फटका दोन वर्षे सोसतो. एका गाईचा धनी दोन महिने.

मग गोऱ्ह्याचे काय? खिलार गाईचे सारे मोल तिच्या खोंडात होते. संकरित गाईचे गणित नेमके उलट. संकरित गोऱ्ह्यास वशिंड नाही, जू मानेवर ठरत नाही, उन्हात धाप लागते; आणि ट्रॅक्टर आल्यापासून बैलच कोणी मागत नाही. गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद झाली होती; मार्च २०१५ पासून बैल व वळू यांनाही ती बंदी लागली. कायद्याच्या बऱ्या-वाईटाची चर्चा या पुस्तिकेत करण्याचे प्रयोजन नाही. परिणाम एवढाच नोंदवितो, की भाकड गाय अथवा गोऱ्हा विकून नव्या जनावराची उभारणी करण्याची लहान घराची जुनी सोय गेली, आणि ते जनावर एक तर मरेपर्यंत पोसावे किंवा रात्री सोडून द्यावे, एवढेच उरले. म्हशीस ही अडचण नाही, आणि शेळीस तर नाहीच. शिवाय २०२२ साली लम्पी रोगाची साथ आली ती गाईंवर. म्हशी बहुतांशी वाचल्या. त्यानंतर घोडेगावच्या बाजारात म्हशी पाहण्यास जाणारी आमची माणसे वाढली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

शेळीची बाजू मांडताना तिचा दोष लपविणे बरे नव्हे. ती कोवळी झाडे खाते. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर, हिवरे बाजारात १९९० च्या सुमारापासून, आणि फादर हर्मन बाकर यांच्या प्रेरणेने १९८९ पासून चाललेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमातील गावांत चराईबंदी आली. डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आले, कापून आणण्याजोगे गवत वाढले, गाई वाढल्या. ज्याला शेत होते त्याला हे सारे पावले. ज्याला शेत नव्हते, केवळ शेळ्या होत्या, त्याला बंदीच्या पहिल्या दोन-चार वर्षांत त्या विकाव्या लागल्या. विहिरीत चढलेले पाणी त्याच्या कामाचे नव्हते. फादर बाकरांच्या कार्याबद्दल आम्हास अत्यंत आदर आहे, पण ही किंमत कोणी दिली तेही इतिहासात लिहिले गेले पाहिजे. आता पाला तोडून आणून शेळ्या बांधून पाळण्याची रीत पडू लागली आहे. शेवरी, सुबाभूळ बांधावर लावली तर दोन-चार शेळ्या तशा निभावतात.

बाजारात जनावर पारखण्याविषयी तरुण वाचक विचारतात, म्हणून जुन्या जाणत्यांकडून ऐकलेले थोडके येथे देतो. दुसऱ्या वेताची, व्याल्यास पंधरा-वीस दिवस झालेली घ्यावी. पहिलारूचा भरवसा सांगता येत नाही. दात पाहावेत: दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेली. विकणारा सांगतो त्या वेतांशी दात जुळतात का, हे ताडून घ्यावे. कास मोठी दिसली म्हणून भुलू नये. बाजाराच्या आदल्या दिवसापासून धार न काढता ती फुगवून आणतात. लागोपाठ तीन वेळा आपल्या हाताने धार काढावी, पहिली सोडून द्यावी, पुढल्या दोहोंची सरासरी धरावी. धार निघाल्यावर कास पिशवीसारखी मऊ पडली पाहिजे. तशीच घट्ट राहिली तर तो मांसाचा फुगवटा. चारी सडांतून सारखी धार येते का, ती पाहावीच. वासरू तिचेच आहे का, हे त्याला सोडून ती पान्हा घालते की नाही यावरून कळते. दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव करितो; त्या रुमालात आपला हात घालण्यापूर्वी घरी किती भारे वैरण आहे ते मोजून आलेला माणूस क्वचितच फसतो. आणि ज्या गावाकडून गाय आणली तेथे ती काय खात होती हे विचारावे. लोण्याच्या बाजारात मिळणारी गाय कालव्याखालच्या लसूणघासावर दूध देत असते. कोरडवाहू वाडीत आणल्यावर महिन्यात तिचे निम्मे होते, आणि मग विकणाऱ्यास शिव्या दिल्या जातात.

हल्ली घरभेटीस गेले असता आमच्या लोकांच्या दावणीला बहुधा जे दिसते ते असे. एक संकरित गाय, काळी-पांढरी. अलीकडे दोन-चार घरांतून तिच्या जागी म्हैस. तिच्या शेजारी, थोड्या आखूड दाव्यांनी बांधलेल्या तीन-चार शेळ्या. केंद्राकडून दर दहा दिवसांनी जो दुधाचा पगार येतो, त्यातून पेंडीचे बिल व पतपेढीचा हप्ता जातो, आणि तो हिशेब घरधनी ठेवितो. बोकडाचे पैसे येतात ते घरधनिणीच्या हाती, आणि ते कशासाठी ठेविले आहेत हे ती विचारल्याशिवाय सांगत नाही. कोठे मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी, कोठे दवाखान्यासाठी. एका घरी, तुकड्याला लागून असलेल्या पाच गुंठ्यांच्या विसारासाठी.